जुनं नाव, नवी पत्रिका: मुलाच्या नावाला साजेसं रूप कसं निवडाल?

बारशाची तारीख ठरते, नाव ठरतं आणि मग पत्रिकेपाशी गाडी अडते. "नाव दामोदर ठेवतोय, पण पत्रिका लग्नासारखी दिसते." "मल्हार म्हटलं की भगवाच घ्यावा लागतो का?" "आजोबांचं रघुनाथ नाव ठेवलं, पण डिझाइन फार जुनाट वाटतं." वाचकांच्या पत्रांत हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. झाशीसारख्या शहरात राहणाऱ्या मराठी घरांची अडचण आणखी एका पायरीची असते. नाव मराठी, छापणारा हिंदीत काम करणारा आणि निम्मे पाहुणे बुंदेलखंडातले. पाहुण्यांना नाव नीट वाचता यावं आणि घरच्यांना ते आपलं वाटावं, अशी दुहेरी अपेक्षा त्या एका पत्रिकेकडून असते.

पत्रिका, पाळण्यामागचा फलक, मोबाइलवर पाठवायचं आमंत्रण किंवा दारावरची पाटी, यांपैकी काहीही करायचं असलं तरी निर्णयांचा क्रम एकच ठेवा: आधी नावाची कथा, मग भाव, मग अक्षर, मग रंग आणि शेवटी चित्र. बहुतेक घोटाळे होतात ते उलट्या क्रमामुळे. आवडलेला नमुना आधी निवडला जातो आणि नाव त्यात कसंबसं बसवलं जातं.

नावाची कोणती कथा सांगायची, ते आधी ठरवा

एका नावामागे बहुधा एकाहून जास्त कथा असतात. झाशीत याचं सर्वांत जवळचं उदाहरण म्हणजे 'दामोदर'.

पुराणातला दामोदर म्हणजे यशोदेनं पोटाला दावं बांधून उखळाला जखडलेला खोडकर बाळकृष्ण. झाशीच्या इतिहासातला दामोदर वेगळा. राणी लक्ष्मीबाईंचा मुलगा तान्हेपणीच गेला. त्यानंतर नोव्हेंबर १८५३ मध्ये त्यांचे पती, झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी नात्यातल्या वासुदेवरावांच्या मुलाला दत्तक घेतलं. त्याचं नाव आनंदराव होतं, दत्तकविधानानंतर ते दामोदरराव झालं. हे दत्तक कंपनी सरकारनं मान्य केलं नाही आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. राणीच्या पुतळ्यांमध्ये पाठीशी बांधलेला जो मुलगा दिसतो, तो हाच.

म्हणून झाशीत 'दामोदर' नाव ठेवणाऱ्यांपुढे दोन वाटा असतात:

- बाळकृष्णाची वाट: लाडिक, घरगुती, खेळकर. उखळ, दावं, लोण्याचा गोळा, गायवासरू.
- झाशीच्या स्मृतीची वाट: धीरगंभीर, संयत. किल्ल्याची तटबंदी, दगडी कमान, जुन्या कागदाचा रंग.

दोन्ही योग्य आहेत, पण एकाच पत्रिकेत दोन्ही नकोत. माझं स्पष्ट मत असं, की बारशाला पहिली वाट घ्यावी. मुलाला पाठीशी बांधलेल्या राणीचं घोड्यावरचं ते चित्र वेढ्यातून बाहेर पडण्याचं आहे. त्यात शौर्य आहे तसा घर हातचं गेल्याचा घावही आहे. पाळण्याभोवती बायका जमतात, आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, त्या क्षणाला उखळापाशी बसलेला कृष्ण जास्त शोभतो. इतिहासाचा मान राखायचा असेल तर पत्रिकेच्या मागच्या बाजूला दोन ओळींत लिहा, की हे नाव या शहरात कुणाचं होतं.

आपल्या नावासाठी घरात हे तीन प्रश्न विचारा:

1. हे नाव कुणी सुचवलं आणि का? आजोबांचं म्हणून, कुलदैवताचं म्हणून, अर्थासाठी की उच्चारासाठी?
2. नावाशी जोडलेल्या कथांपैकी बाळाला सर्वांत आधी कोणती सांगाल?
3. ती कथा ऐकताना मनात कोणता भाव येतो? एकच शब्द लिहा: शांत, लाडिक, तेजस्वी, करारी, भाविक, आनंदी.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात येईपर्यंत डिझायनरकडे जाऊ नका. "पारंपरिक पण मॉडर्न" असं सांगितलं तर त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. "शांत" म्हटलं की तो लगेच कामाला लागू शकतो.

नावांचे गट आणि त्यांना शोभणारं रूप

हे नियम नव्हेत, सुरुवात कुठून करावी याच्या खुणा आहेत.

- रघुनाथ, रामचंद्र, श्रीराम: भाव शांत, मर्यादेचा. सरळ उभ्या दांड्यांची, समान जाडीची अक्षरं आणि भोवती भरपूर मोकळी जागा. मोतिया पांढरा, गडद हिरवा, थोडं कुंकू. धनुष्य काढायचंच तर एका रेषेत. डरकाळी फोडणारं रूप इथं परकं वाटतं.
- दामोदर, गोपाळ, मुकुंद, माधव: भाव लाडिक. गोलाईची, जरा गुबगुबीत अक्षरं. लोण्याचा पांढरा, मोरपिशी, गवती हिरवा. मोरपीस सगळ्याच कृष्णनावांना लावलं जातं, त्यामुळे त्यातून तुमच्या मुलाचं नाव वेगळं उठून दिसत नाही. उखळ, कदंबाचं फूल किंवा वासरू घेऊन पाहा.
- गंगाधर, सदाशिव, नीलकंठ: भाव गंभीर, थंडावा देणारा. भस्माचा राखाडी, गडद निळा, पांढरा. 'गंगाधर' हे झाशीच्या राजांचं नाव. त्यातल्या काना आणि उभ्या दांड्यांमुळे अक्षरांतून खाली उतरणारा प्रवाह सहज दाखवता येतो. त्रिशूळ, डमरू, नाग आणि चंद्रकोर सगळं एकत्र घालू नका.
- मल्हार, खंडेराव, मार्तंड: इथं निवड करावी लागते. कुलदैवत खंडोबा असेल तर भंडाऱ्याचा पिवळा, जाड ठसठशीत अक्षरं, घोडा. 'मल्हार' मात्र पावसाशी जोडलेल्या रागाचंही नाव आहे. तो भाव हवा असेल तर मेघांचा करडा, ओल्या मातीचा तपकिरी आणि वाहती अक्षरं. पावसाची वाट पाहणाऱ्या बुंदेलखंडात हा दुसरा भाव प्रत्येक पाहुण्याला समजतो.
- ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम: भाव भाविक, साधा. पोथीच्या वळणाची अक्षरं, बुक्क्याचा काळा, तुळशीचा हिरवा, न रंगवलेल्या कागदाचा रंग. सोनेरी चकाकी इथं नको.
- विनायक, गजानन, मोरेश्वर: भाव मंगल, आनंदी. शेंदरी आणि दूर्वांचा हिरवा. पत्रिकेवर वर श्रीगणेश असतोच, म्हणून नावाभोवती पुन्हा गणपती काढू नका. जास्वंद किंवा दूर्वांची जुडी पुरते.
- प्रभाकर, भास्कर, दिवाकर आणि सुधाकर, शशांक: पहिले तीन सूर्याचे, पुढचे दोन चंद्राचे. 'सुधाकर'च्या भोवती सूर्यकिरण काढलेली पत्रिका नेहमी दिसते. सूर्यनावांना केशरी ऊब, चंद्रनावांना रुपेरी आणि फिका निळा.
- शिवाजी, संभाजी, बाजीराव: इथं तलवार, ढाल, भगवा झेंडा आणि गर्जणारा सिंह हे चारही आपोआप येतात. त्यांतलं एकच घ्या किंवा एकही नको. करारी, रुंद अक्षर आणि एक रंग एवढ्यानं नावाचा दरारा उरतो आणि बाळाचं कोवळेपणही झाकलं जात नाही.

अक्षर: सर्वांत मोठा निर्णय

नामकरणाच्या विधीत ताटातल्या तांदळावर सोन्याच्या अंगठीनं बाळाचं नाव लिहितात. नावाचं पहिलं दृश्यरूप तेच. तिथं चित्र नसतं, सजावट नसते, तरी प्रसंग पूर्ण वाटतो. म्हणून अक्षर आधी ठरवा. ते जमलं तर चित्र नसलं तरी चालतं. अक्षर फसलं तर कितीही वेलबुट्टी लावा, पत्रिका सावरत नाही.

शब्दाचा भाव अक्षरांतून दाखवण्याची कला मराठी माणसाला नवी नाही. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची शीर्षकं अशी रेखाटली, की जाहिरातीतलं नाव पाहूनच नाटकाचा सूर कळावा. अच्युत पालव यांनी मोडी लिपीचं वळण आजच्या सुलेखनात आणलं. त्यांची कामं जरूर पाहा. नक्कल करू नका, पण कोणत्या भावाला कोणतं वळण येतं याकडे लक्ष द्या.

सुलेखनकार मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर हे मोफत फॉन्ट वापरून पाहा:

- तिरो देवनागरी मराठी: पुस्तकी, शांत. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' यात आपोआप येतात. रघुनाथ, गंगाधर यांसारख्या नावांना योग्य.
- मुक्ता: साधा, स्वच्छ. पत्ता, वेळ, ठिकाण यांसाठी.
- बालू: गोलसर, प्रेमळ. गोपाळ, मुकुंद.
- मोदक: फार जाड आणि गुबगुबीत. मोठ्या फलकावर छान, लहान आकारात जोडाक्षरं भरून जातात.
- जैनी: जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितांवरून घडवलेला. पोथीचा भाव हवा असेल तिथं.
- कलम: हातानं लिहिल्यासारखा. घरगुती निमंत्रणाला.

एका पत्रिकेत दोनच फॉन्ट ठेवा: एक नावासाठी, दुसरा उरलेल्या मजकुरासाठी. मोडीत नाव लिहून घेण्याची हौस असेल तर जरूर लिहून घ्या, राणीच्या काळातला मराठी पत्रव्यवहार त्याच लिपीत चाले. मात्र जाणकाराकडून तपासून घ्या आणि खाली देवनागरीत नाव द्या, कारण आज मोडी वाचणारे थोडे आहेत.

झाशीत प्रेरणा कुठं शोधाल

मोबाइलवर मिळणारे तयार नमुने सगळीकडे सारखेच असतात. तुमच्या गावाचा रंग हवा असेल तर एक सकाळ मोकळी ठेवा.

- राणी महाल: नेवाळकर घराण्यातल्या रघुनाथरावांनी बांधलेला हा वाडा आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. दरबार दालनात रंगवलेली फुलं, वेली आणि पक्षी आहेत. लाल, हिरव्याची तिथली जोडी पाहून घ्या, ती कोणत्याही तयार नमुन्यात मिळत नाही.
- गणेश मंदिर: १८४२ मध्ये मणिकर्णिकेचं गंगाधररावांशी लग्न झालं आणि ती लक्ष्मीबाई झाली, ते इथं. शहरातल्या मराठी मंडळींचं हे आजही हक्काचं ठिकाण आहे. बारसं इथं करणार असाल तर मंदिराच्या रंगांशी फलक भांडणार नाही हे पाहा.
- चितेरी: बुंदेलखंडात लग्नकार्याला दाराच्या भिंतीवर गणपती, हत्ती, घोडे, कलश रंगवण्याची परंपरा आहे. ही चित्रं साध्या रेषेची, सपाट रंगांची असतात, म्हणून छपाईत सुंदर उतरतात. लाडिक आणि मंगल भावाच्या नावांना ही शैली फार शोभते. चितेऱ्याकडूनच करून घ्या आणि पत्रिकेवर त्याचं नाव छापा.
- ओरछा: झाशीहून जवळच. राजमहाल आणि लक्ष्मीनारायण मंदिरातली भित्तिचित्रं, तसंच रामाची राजा म्हणून पूजा होणारं रामराजा मंदिर. रामनावांसाठी याहून चांगलं संदर्भस्थळ या भागात शोधूनही मिळणार नाही.

मराठी नावाला बुंदेली चित्र लावलं तर ते भेसळ होईल का, असं काहीजण विचारतात. मुळीच नाही. पिढ्यान्‌पिढ्या झाशीत राहणाऱ्या मराठी घराची ती खरी ओळख आहे. पैठणीचा काठ आणि वारली आकृत्या ओढून आणण्यापेक्षा ते अधिक प्रामाणिक आहे.

प्रेसमध्ये होणाऱ्या चुका

1. 'ळ'चा 'ल' होतो. गोपाळचा गोपाल, बाळाजीचा बालाजी. हिंदीत तेच बरोबर, म्हणून छापणाऱ्याला चूक दिसतच नाही.
2. ऱ्हस्व-दीर्घ बदलतं. मराठीत विष्णू, हरी. हिंदीत विष्णु, हरि. तुम्हाला कोणतं हवं ते आधी लिहून द्या.
3. क्रुतिदेवमध्ये पुन्हा टाइप होतं. तुम्ही युनिकोडमध्ये मजकूर पाठवता, पण अनेक प्रेस जुन्या क्रुतिदेव फॉन्टवर काम करतात. मजकूर हातानं पुन्हा टाइप करताना चुका शिरतात. नाव चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात द्या.
4. पडद्यावरचा रंग कागदावर येत नाही. झगझगीत केशरी आणि पोपटी छपाईत मंदावतात. पूर्ण छपाईआधी एक प्रत काढून उन्हात पाहा.
5. सोनेरी फॉइलमध्ये बारीक रेषा बुजतात. अनुस्वार, रफार आणि 'ज्ञ', 'ष्ण' यांच्या पोकळ्या आधी भरतात. फॉइल हवंच असेल तर अक्षर जाड घ्या.
6. पांढऱ्यावर पिवळं नाव. मल्हारच्या पत्रिकेत हे हमखास होतं. पिवळा मागे ठेवा, नाव गडद तपकिरीत घ्या.

संगणकाकडून चित्र काढून घेताना

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना नाव, शैली आणि भाव सांगून चित्र मागणारे वाचक आता पुष्कळ आहेत. काही गोष्टी पाळा:

- चित्रात देवनागरी अक्षरं मागू नका. अनेकदा मात्रा तुटतात, जोडाक्षरं विस्कटतात. चित्र बिनअक्षरांचं काढून घ्या आणि नाव नंतर फॉन्टमध्ये किंवा हातानं घाला.
- नुसतं "दामोदर नावाला शोभेल असं" लिहून भागत नाही. कथा, भाव, रंग आणि शैली वेगवेगळी सांगा: "उखळाशेजारी बसलेला बाळकृष्ण, लाडिक भाव, सपाट रंग, बुंदेली भित्तिचित्रासारखी रेषा, उजवीकडे मोकळी जागा."
- हाताची बोटं, दागिने, देवतांची आयुधं नीट तपासा.
- बाळाचा फोटो अशा साधनावर चढवू नका. एकदा गेलेला फोटो कुठं साठतो आणि कशासाठी वापरला जातो, यावर तुमचा ताबा राहत नाही.

तुमचे हक्क आणि जबाबदाऱ्या

चित्रांचे हक्क. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या चित्राचा कॉपीराइट टिकतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले, त्यांची चित्रं वापरायला हरकत नाही. आजच्या चित्रकाराचं चित्र इंटरनेटवर दिसतं म्हणून ते फुकट होत नाही.

डिझायनरशी बोली. पैसे दिले म्हणजे मूळ फाइल आणि सगळे हक्क आपोआप तुमचे झाले, असं गृहीत धरू नका. काम देतानाच एका संदेशात लिहून घ्या: किती नमुने, किती दुरुस्त्या, मूळ फाइल मिळणार का, तेच अक्षर पुढे दारावरच्या पाटीला वापरता येईल का, आणि बाळाचं नाव तो स्वतःच्या जाहिरातीत दाखवणार का. शेवटच्या गोष्टीला नाही म्हणण्यात संकोच करू नका.

फॉन्टचा परवाना. वर दिलेले फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. पत्रिका छापायला वेगळे पैसे लागत नाहीत.

जन्मदाखला. पत्रिकेपेक्षा महत्त्वाचं कागदपत्र हेच. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. रुग्णालयात जन्म झाला असेल तर नोंद त्यांच्याकडून कळवली जाते. नाव ठरलं नसेल तरी नोंद होते. नोंदणीपासून बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. म्हणून केवळ दाखल्याच्या धास्तीनं घाईत नाव ठरवू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा झाला आहे, तेव्हा त्यावरचं अक्षरन्‌अक्षर तपासा.

उत्तर प्रदेशात दाखला हिंदी वळणानं भरला जाण्याची शक्यता मोठी. अर्जावर 'ळ' स्वतः ठळक लिहा आणि कच्ची प्रत दाखवतील तेव्हा पाहा. इंग्रजी स्पेलिंगही घरातच ठरवा. 'ज्ञानेश' महाराष्ट्रात 'डी-एन-वाय'नं सुरू होतो, उत्तरेत 'जी-वाय'नं. दोन्ही चालतात, पण दाखला, आधार आणि शाळा या तिन्ही ठिकाणी एकच हवं. जन्मनाव वेगळं असेल तर ते कुंडलीत ठेवा, दाखल्यावर हाक मारायचंच नाव घाला.

आमंत्रणातली माहिती. व्हॉट्सॲपवरचं आमंत्रण हातोहात पुढे जातं. बाळाची जन्मवेळ आणि पूर्ण जन्मतारीख त्यावर देण्याची गरज नसते. समारंभाची वेळ आणि ठिकाण पुरतं.

छापायला देण्याआधी

- नाव मोठ्यानं वाचा, मग अक्षर-अक्षर तपासा. हे काम घरातल्या दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी करावं.
- मोबाइलवर अंगठ्याएवढ्या आकारात नाव वाचता येतं का?
- हिंदीभाषक शेजाऱ्याला दाखवा. तो नाव बरोबर उच्चारतो का?
- रंग काढून फक्त काळ्या-पांढऱ्यात पाहा. भाव टिकतो का?
- चित्रातली प्रत्येक वस्तू का आहे, ते एका वाक्यात सांगता येतं का? जिचं कारण सांगता येत नाही, ती काढून टाका.
- पत्रिकेवरचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव तंतोतंत जुळतं का?

पैसा कमी असेल तर काटछाट कागदात, फॉइलमध्ये, फलकाच्या आकारात करा. अक्षर लिहिणाऱ्याच्या मोबदल्यात करू नका, कारण चांगलं लिहिलेलं नाव पत्रिकेपुरतं राहत नाही. तेच पाटीवर, वहीवर, पुढे मुलाच्या स्वतःच्या कामाच्या कागदावरही वापरता येतं. आणि मोठा झाल्यावर मुलानं "माझं नाव असं का लिहिलंय?" असं विचारलं, तर तुमच्याकडे खरं उत्तर असायला हवं. ते उत्तर आत्ताच, नाव ठरतंय तेव्हाच, चार ओळींत लिहा आणि जन्मदाखल्याच्या फाइलमध्ये ठेवून द्या.